पसरणीच्या शाहिराचं गाणं राज्यगीत झालं. मग आपल्या गावच्या गाणाऱ्याची शिडी मोडली कुठं?

विशेष विश्लेषण | सातारा-सांगली

१ मे असो, २६ जानेवारी असो नाहीतर १५ ऑगस्ट. शाळेच्या पटांगणात झेंडा वर गेला की राष्ट्रगीत होतं आणि त्याच्यामागून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लागतं. पोरं ताठ उभी राहतात. म्हातारी माणसं टोपी सारखी करतात. एक मिनिट एकेचाळीस सेकंदांत गाणं संपतं आणि सगळे खाऊच्या रांगेकडं पळतात.

हे गाणं आता साधं गाणं राहिलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्याला राज्यगीताचा मान दिला आणि १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीपासून, तो लागू झाला. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. आणि घराघरांत ज्या आवाजानं ते पोचलं तो आवाज आपल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचा. शाहीर कृष्णराव गणपतराव साबळे.

शाळेतल्या पोरांना विचारून बघा, गाणं कुणी गायलं? दहातली दोन सांगतील. पसरणी कुठं आहे विचारलं तर पाचगणीला जाताना घाट लागतो तेवढंच ठाऊक असतं. पण आजचा आपला विषय पोरांचं सामान्यज्ञान नाही. प्रश्न असा आहे की वीज-रस्ता काही नसलेल्या त्या काळात डोंगराच्या पायथ्याच्या गावातला एक पोरगा एवढा वर गेला कसा? आणि आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना आपल्या गावचा गाणारा यात्रेच्या पुढं का जात नाही?

एकाच तालुक्यातली दोन माणसं

हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही. वाई तालुक्यातच दोन उदाहरणं आहेत. एक शाहीर साबळे. दुसऱ्या लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर.

शाहिरांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, पसरणीचा. घर शेतकऱ्याचं. घरात भजन, जात्यावरच्या ओव्या. शिक्षणासाठी त्यांना मामाकडं अमळनेरला धाडलं. तिथं त्यांना साने गुरुजी भेटले. शिक्षण पुरतं झालं नाही, पण गुरुजींचा ठसा कायमचा राहिला. पुढं मुंबई गाठली, पार्टी काढली, रेकॉर्डी निघाल्या. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ अशी मुक्तनाट्यं गाजली. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड त्यांच्या आवाजात इतकं गाजलं की ते जणू त्यांचंच झालं. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन ते देशभर फिरले. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही पुढं नावारूपाला आलेली मंडळी त्याच लोकधारेतली. १९८४ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९८ ला पद्मश्री. २० मार्च २०१५ ला ते गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यावर ‘महाराष्ट्र शाहीर’ सिनेमा आला, काढला त्यांच्याच नातवानं, केदार शिंदे यांनी. त्यातल्या ‘बहरला हा मधुमास’ गाण्यावर आपल्या पोरापोरींनी किती रील केल्या ते आठवा.

आता यमुनाबाई. जन्म ३१ डिसेंबर १९१५. म्हणजे शाहिरांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. घर कोल्हाटी समाजाचं. शेत नाही, वतन नाही. लहानपणी आईबरोबर गावोगाव रस्त्यावर गाणं-नाचणं करून चार पैसे आणि धान्य मागायचं. लावणीचं पहिलं शिक्षण आईकडंच. पुढं फडात गेल्या, बहिणींना बरोबर घेऊन स्वतःची पार्टी उभी केली, मुंबई गाजवली. बसून अदा करायची बैठकीची लावणी ही त्यांची खासियत. तमाशाची, संगीतबारीची पडती सुरू झाली तशी त्यांच्यावरही हलाखी आली. १९७५ च्या सुमारास मुंबईत लावणी महोत्सव झाला आणि शहरी लोकांना या बाईंची पुन्हा आठवण झाली. १९७७ ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार. पंडित बिरजू महाराजांसारख्या कथ्थकच्या मोठ्या कलाकारानं त्यांच्याबरोबर कला सादर केली. २०१२ ला पद्मश्री. १५ मे २०१८ ला वयाच्या १०२ व्या वर्षी वाईत त्यांचं निधन झालं.

या दोघांच्या तारखा शेजारी ठेवून बघा. दिल्लीच्या अकादमीनं यमुनाबाईंना मान दिला १९७७ ला, म्हणजे शाहिरांच्या सात वर्षं आधी. कलेत त्या कुठं कमी नव्हत्या, हे जाणकारांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण पद्मश्री? शाहिरांना ती मिळाली चौऱ्याहत्तराव्या वर्षी. यमुनाबाईंना शहाण्णवाव्या वर्षी. मधे चौदा वर्षांचं अंतर. त्या ऐंशी वर्षांच्या वयात गेल्या असत्या तर? तर पद्मश्री यमुनाबाई वाईकर असं कुणी लिहिलंच नसतं.

शाहिरांना जे मिळालं ते त्यांच्या कष्टाचं होतं, त्यात वाद नाही. त्यांचं मोठेपण कमी करायचा हा प्रयत्न नव्हे. पण एकाच तालुक्यातून दोन माणसं निघाली, एकाच्या वाटेत शिडीच्या पायऱ्या होत्या आणि दुसरीच्या वाटेत नव्हत्या, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पायरी पहिली : पाठीशी चळवळ

त्या काळी सातारा आणि सांगली वेगळे नव्हते. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याला सांगली हे नाव मिळालं. हा सगळा मुलूख प्रतिसरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सभांना शाहीर शंकरराव निकमांचा डफ असायचा. पेपर वाचता येणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी. बातमी, विचार, राग, सगळं पोवाड्यातून पोचायचं. म्हणजे गाणाऱ्याला नुसती दाद नव्हती, त्याला काम होतं. लोकांना त्याची गरज होती.

शाहीर साबळे याच हवेत वाढले. गुरुजींनी १९४७ ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तो काळ. त्या चळवळीनं गाणाऱ्या पोराला व्यासपीठ दिलं आणि इज्जतही दिली. ‘हा तमाशातला’ असं म्हणायच्या ऐवजी ‘हा देशासाठी गातो’ असं लोक म्हणू लागले.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांचंही तसंच. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. बापाबरोबर चालत मुंबईला गेलेला पोरगा. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. पाठीशी कामगार चळवळ होती.

यमुनाबाईंच्या पाठीशी कुठली चळवळ होती? उलट, देश स्वतंत्र झाला आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावरच बंदी आली. कारण काय, तर अश्लीलता. पुढं बंदी उठली, पण डाग राहिला. त्याच ढोलकीवर पुरुषानं देशभक्तीचं गायलं तर तो शाहीर आणि बाईनं शृंगाराचं गायलं तर ती नाचणारी. हा फरक कलेतला नव्हता, बघणाऱ्याच्या नजरेतला होता. त्यात जात होती, बाईपण होतं. ते आपल्या गावातही होतं आणि आजही पुरतं गेलं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

पायरी दुसरी : मुंबईतला आपला माणूस

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला कुठला वाडा-वस्ती घ्या, आजा नाहीतर पणजा गिरणीत होता असं एक तरी घर निघतं. लालबाग, परळ, वरळी इथं खटावची, माणची, शिराळ्याची, पाटणची माणसं एकेका खोलीत पंधरा-वीस जणं राहायची. गावाकडचं गाणं ऐकायला ती आसुसलेली असायची. गणपतीत, पूजेला कार्यक्रम व्हायचे. पगार महिन्याला हातात पडायचा, त्यामुळं तिकिटाला चार पैसे निघायचे.

शाहीर, कलापथकं, फड, सगळे याच माणसांच्या जिवावर मोठे झाले. गावानं गळा दिला, पण पैसा आणि नाव दिलं ते मुंबईतल्या गाववाल्यानं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा बाजार मोडला. माणसं गावी परत आली नाहीतर मिळेल त्या कामाला लागली. तमाशा का पडला यावर टीव्ही आला, व्हिडिओ आला असं सगळे सांगतात. ते खरंच. पण तिकीट काढणारा माणूसच बेकार झाला, हे कारणही तेवढंच मोठं आहे. ते फार कमी बोललं जातं.

पायरी तिसरी : यंत्र आणि नाव

शाहिरांचा आवाज रेकॉर्डीवर गेला. रेकॉर्डवर नाव छापलेलं असतं. रेडिओवर गाणं लागलं की निवेदक आधी नाव सांगतो. गाणं गावात पोचलं की नावही पोचतं.

आता सांगली जिल्ह्याकडं बघा. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. तिथले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. जन्म १८६६. ब्राह्मणाच्या घरातला माणूस वतन, घरदार सोडून फडात आला. पवळाबाईंच्या जोडीनं त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. त्यांनी रचलेल्या लावण्या आजही फडात गायल्या जातात. पण १९४५ ला ते गेले तेव्हा पुण्यात, हलाखीत. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या वस्तीत गेले, तेही हलाखीत. २००२ ला त्यांच्या नावचं टपाल तिकीट निघालं, २०२२ ला मॉस्कोत पुतळा उभा राहिला. माणूस जिवंत असताना घरात काय होतं?

मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. घरातच फड. ‘जहरी प्याला’ वगातल्या त्यांच्या हवालदारांच्या जोडीनं दोन पिढ्या हसवल्या. आजही चाळिशीच्या पुढच्या माणसापुढं नाव काढा, हसायलाच लागतो. पण त्यांचा मूळ ऐन उमेदीतला खेळ, समोर पाच हजार माणूस बसलेला, आज मोबाइलवर बघायचा म्हटलं तर किती मिळतो? तुकडे मिळतात. फडाचा धंदा रात्रीचा. रात्री उजेडात झालं ते सकाळी गाडीत भरून पुढच्या गावाला. मागं काही राहत नाही.

म्हणजे तीन गोष्टी जुळल्या तर माणूस वर गेला आणि वर टिकला : पाठीशी कुणीतरी उभं राहणं, पैसे मोजणारा ऐकणारा, आणि आवाज-नाव जपून ठेवणारं यंत्र. यातली एक जरी निखळली तरी माणूस मोठा झाला पण शेवट कठीण गेला.

आता तर मोबाइल आहे, मग अडचण काय?

खरा प्रश्न इथं आहे. आज यंत्राची अडचण संपली. आटपाडीतला मेंढपाळ धनगरी ओवी म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातला माणूस ती बघतो. जागरण-गोंधळ, भारूड, भजनी मंडळ, गजी नृत्य, सगळं मोबाइलवर आहे. लाखांनी बघणारे आहेत. मग त्या गाणाऱ्याच्या घरावरचा पत्रा का बदलत नाही?

कारण पहिलं. व्हिडिओ गाणाऱ्याच्या चॅनेलवर नसतो. तो काढणाऱ्याच्या चॅनेलवर असतो. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारण एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं जाणं लागतं. हे सगळं जमतं ते चॅनेलवाल्याचं. गाणारा एका दिवसाचे पैसे आणि जेवण घेऊन घरी जातो. पुष्कळदा तेही नाही, नुसतं ‘दादा तुमी लै व्हायरल झालाय’ एवढंच.

कारण दुसरं. कायदा आहे, पण तो आपल्याला ठाऊक नाही. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार, संगीतकार आणि गाणारा यांचा रॉयल्टीचा हक्क त्यात पक्का केला. गायकांचे हक्क बघणारी संस्थाही २०१३ पासून देशात काम करते. जुनी ओवी, जुनं भारूड कुणाच्याच मालकीचं नाही, ते सगळ्यांचं आहे. पण तुम्ही ते गायलं, तर त्या गायनावर तुमचा हक्क आहे. आपल्याकडं कंपनीवाला एक कागद पुढं करतो, गाणारा बघतही नाही, अंगठा नाहीतर सही करतो. पुढं गाणं चाललं तर चाललं, त्याचा संबंध संपला.

कारण तिसरं. ऐकणारा फुकटा झाला. यात आपण सगळे आलो. गिरणीतला आजा तिकीट काढायचा. आपण रील बघतो, बदाम टाकतो आणि पुढं सरकवतो.

कारण चौथं. यात्रेचा पैसा तोच आहे, उलट वाढला आहे, पण त्याची वाट बदलली. वर्गणी, देणगीदार, पुढारी, सगळं धरून यात्रेचा खर्च लाखांत जातो. त्यातला मोठा वाटा डीजे, लेझर लाइट आणि दोन तासांच्या ऑर्केस्ट्राला. रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम आहे. रात्रभराचा वग दोन तासांत बसत नाही, नाचाची चार गाणी बसतात. त्यामुळं फड घेऊन फिरणाऱ्या मालकाला वग बाजूला ठेवून सिनेमाची गाणी घ्यावी लागतात. मग आपणच म्हणतो, ‘तमाशात आता राम राह्यला न्हाई.’ २०२० आणि २०२१ ला यात्राच बंद राहिल्या, तेव्हा काढलेलं कर्ज कित्येक फडांच्या डोक्यावर पुढं बरीच वर्षं राहिलं.

पाच हजारांचं मानधन आणि कागदाचं कोडं

सरकार काही करत नाही असं नाही. म्हाताऱ्या कलाकारांना, साहित्यिकांना मानधन द्यायची योजना महाराष्ट्रात १९५४-५५ पासून आहे. आता तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. पूर्वी अ, ब, क असे वर्ग होते आणि प्रत्येकाला वेगवेगळी रक्कम. २०२४ ला ते बदललं आणि सगळ्यांना सरसकट महिना ५ हजार रुपये झाले. हे चांगलंच झालं. पेटी वाजवणारा आणि झांज वाजवणारा दोघांनाही औषधं सारख्याच भावानं मिळतात.

अटी अशा : वय ५० च्या पुढं, कलेत किमान १५ वर्षं, आणि वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड.

आता हिशेब करू. साताऱ्यात ११ तालुके, सांगलीत १०. म्हणजे तालुक्याला नऊ-दहा जण. एका तालुक्यातल्या भजनी मंडळांची, गोंधळ्यांची, वाघ्या-मुरळीची, वाजंत्रीवाल्यांची, फडातून घरी बसलेल्यांची संख्या डोळ्यापुढं आणा. दुसरा हिशेब उत्पन्नाचा. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. नवरा-बायको दोघांनी वर्षात शंभर-शंभर दिवस काम केलं तर ६२ हजार ४०० होतात. म्हणजे घरात दोघं रोजगारावर गेली तरी ती अटीच्या बाहेर! मग दाखला काढताना आकडा बसवावा लागतो. खरं बोलणारा अडकतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण पुराव्याची. पंधरा वर्षं कला केली हे दाखवायचं कसं? आपल्याकडं कार्यक्रम ठरतो तो सुपारीवर. नावातच आलं. पान-सुपारी दिली, शब्द दिला, ठरलं. पावती नाही, करार नाही. जाहिरातीवर नाव छापतात ते फडमालकाचं. मागं बसलेला ढोलकीवाला, सुरत्या, झीलकरी यांचं नाव कुठंच नाही.

माझ्या गावचंच सांगतो. एक ढोलकीवाले आहेत, सत्तरीला टेकलेले. तीसेक वर्षं फडात काढली. त्यांच्या अर्जाला पुरावा पाहिजे म्हणून ते माझ्याकडं आले. म्हणाले, ‘पावणं, तुमी पेपरात लिवता, आमचं कायतरी छापलं आसंल की.’ मी जुनी कात्रणं काढली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची यात्रेची बातमी मिळाली, मीच दिलेली. चार ओळी. देवाची पालखी, मान्यवरांची सतरा नावं, कुस्तीत कुणाला किती हजारांचं बक्षीस, आणि शेवटी, ‘रात्री लोकनाट्याचा कार्यक्रम झाला.’ त्या रात्री ते ढोलकीवर होते. मी समोरच बसलो होतो. मान्यवरांची सतरा नावं मी लिहिली, त्यांचं लिहिलं नाही. ते कात्रण त्यांच्या काही कामाचं नव्हतं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, ‘ऱ्हाऊ द्या’ म्हणाले आणि गेले.

चूक कुठल्या कार्यालयाची नव्हती. ती माझी होती. आणि माझ्यासारख्या बातमी देणाऱ्या प्रत्येकाची होती.

मग करायचं काय?

सगळ्यांनाच शाहीर साबळे होता येणार नाही. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला म्हातारपणी पुरावा शोधत फिरावं लागू नये, एवढं गावाच्या हातात आहे.

एक, यात्रा कमिटीनं कार्यक्रम ठरवताना एक साधा कागद करावा. तारीख, गाव, ठरलेले पैसे आणि पार्टीतल्या प्रत्येकाचं नाव. खाली कमिटीची सही-शिक्का, एक प्रत कलाकाराला. याला खर्च काही नाही. पंधरा वर्षांनी हाच कागद पुरावा होईल.

दोन, ग्रामपंचायतीनं गावातल्या कलाकारांची नोंद ठेवावी. कोण भजन म्हणतं, कोण सनई वाजवतं, कधीपासून. ग्रामसभेत वाचून ठराव घ्यावा. आज जे ऐंशी वर्षांचे आहेत त्यांचं साक्षीदार होणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

तीन, गाणाऱ्यांनी व्हिडिओ काढून द्यायच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात : माझं नाव कुठं लिहिणार, आणि पैसे आले तर माझा वाटा किती? घरातल्या शिकलेल्या पोरानं कागद वाचल्याशिवाय सही करू नये. जमलं तर स्वतःच्या नावाचं चॅनेल काढावं. नातवंडं दिवसभर मोबाइलवर असतातच, त्यांना हे काम द्या.

चार, यात्रेच्या वर्गणीतले शंभरातले दहा रुपये तरी आपल्या तालुक्यातल्या कलाकारासाठी ठेवावेत. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर पोरं मला गावात राहू देणार नाहीत. पण पालखीच्या दिवशी सकाळी दोन तास आपलं भारूड, आपला गोंधळ व्हायला काय हरकत आहे? त्याला दहाच्या बंदीचीही आडकाठी नाही.

पाच, सरकारकडं मागणी. उत्पन्नाची अट ६० हजारांवरून वाढवा. जिल्ह्याला सरसकट १०० हा आकडा न ठेवता जिथं कलाकार जास्त तिथं जागा जास्त द्या. आणि पुरावा म्हणून गावाचा ठराव आणि सोबतच्या कलाकारांची साक्ष धरा. आमदार, जिल्हा परिषद सदस्य यात्रेला हजेरी लावतातच. नारळ-फेटा झाला की हे त्यांच्या कानावर घाला.

शेवटी

ज्या राज्याचं गीत शाहीर साबळे गायले, त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्रे गावचा, आजच्या सांगली जिल्ह्यातला. मुख्यमंत्री आपला, गाणारा आपला. अभिमान वाटतोच. पण त्याच मातीतल्या यमुनाबाईंना शहाण्णव वर्षं थांबावं लागलं, हेही आपलंच.

आता चैत्राच्या यात्रांची धांदल सुरू होईल. तुमच्या गावच्या यात्रेची बातमी आमच्याकडं पाठवताना एक करा. मान्यवरांची नावं दोन कमी द्या, चालेल. पण रात्री ढोलकीवर कोण होतं, पेटीवर कोण, तुणतुण्यावर कोण, गायलं कोण, ही नावं पूर्ण पाठवा, गावाच्या नावासकट. ती सगळी छापायची, एकही गाळायचं नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ढोलकीवाल्या काकांची गेल्या यात्रेतली बातमी नावासकट लागली आहे. त्यांना पंधरा वर्षांचा पुरावा पाहिजे, त्यातलं एक वर्ष झालं. बाकीच्या चौदा वर्षांसाठी ज्या गावांत त्यांनी वाजवलं तिथल्या कमिट्यांकडं आम्ही दोघं जाणार आहोत.